दक्षिणेपुढची कोरी जागा

सुपारी काही केल्या उभी राहीना. तांदळाच्या राशीवर ठेवली की कलंडायची, सावरली की पुन्हा दुसरीकडे — देवयानीबाईंनी बोटाने तांदळात खळगा केला, तिला नीट बसवलं, यजमानांना अक्षता वाहायला सांगितल्या, आणि तोंडाने मंत्र चालू असताना मनात मात्र ती कोरी जागा. सकाळी अद्वयने, त्यांच्या लेकाने, चहाच्या कपाशेजारी लॅपटॉप सरकवला होता. आईची वेबसाइट! फोटो झाला, 'स्त्री पुरोहित, डोंबिवली' झालं, पूजांची नावं झाली, आणि प्रत्येक नावासमोर 'दक्षिणा' असं लिहून पुढे काहीच नाही.

“आकडा टाक ना आई. दर दिसला नाही की लोक दुसऱ्या साइटवर जातात.”

जाऊ देत की! मी काय साबणाच्या वड्या विकते? शाळेतून निवृत्त झाल्यावर पौरोहित्य शिकले ते काही दुकान मांडायला नाही... कुणी दक्षिणा विचारली की देवयानीबाई हसून 'यथाशक्ती' म्हणत, आणि तो शब्द उच्चारताना त्यांना स्वतःच्याच आवाजाचं फार कौतुक वाटे. पाकीट न बघता पिशवीत टाकायचं, यजमानांना आशीर्वाद द्यायचा आणि निघायचं. किती हलकं, किती छान. आणि ते सुख हा कार्टा चौकटीत कोंबायला निघाला होता.

घोडबंदर रोडवरच्या या उंच मजल्यावर वारा फार, निरांजन सारखं विझू बघत होतं. मितेश आणि कल्पिता, नव्या घरातलं जोडपं, एकमेकांच्या हाताला हात लावून पळीने पाणी सोडत होते. मितेशची आई बायजाबाई नवाकोरा सोफा सोडून खाली मांडी घालून बसलेल्या. समोरच्या टॉवरखाली एके काळी त्यांचं भाताचं शेत होतं, हे त्यांनी आल्या आल्या खिडकीतून दाखवलं होतं. बाईमाणूस पूजा सांगतंय याचं त्यांना आधी नवल वाटलं, पण दुसऱ्या अध्यायापर्यंत त्या डोलायला लागल्या. मग काय, देवयानीबाई खुलल्याच. कथा अशी रंगली की त्यांना स्वतःलाच पुढे काय होणार याची उत्सुकता वाटू लागली. शिऱ्याचा वास घरभर पसरला होता. याहून जास्त माणसाला काय हवं असतं!

आरती झाली आणि नेहमीची ती कुजबुज सुरू झाली. ती प्रत्येक घरात होते. डोंबिवलीच्या जुन्या घरांत स्वयंपाकघराला भिंत असते, दार असतं. यजमानीण नवऱ्याला खुणेने आत बोलावते, आतून 'किती?', 'वरच्यांनी किती दिलेले?' असं काहीबाही ऐकू येतं, आणि देवयानीबाई तेवढा वेळ ताम्हन पुसत बहिऱ्या होतात. इथे मात्र ओटा हॉलमध्येच. भिंत नाही न् काही नाही. तिघंही डोळ्यांसमोर — कल्पिताचे मोठे झालेले डोळे, मितेशचे उडवलेले खांदे, बायजाबाईंची ठाम हलणारी मान, आणि ते पाकीट या हातातून त्या हातात. काहीतरी घातलं, पुन्हा काढलं... ताम्हन पुसून पुसून लख्ख झालं. आता बघू तरी कुठे?

“काकू,” शेवटी कल्पिता येऊन समोर बसलीच. “आकडा सांगा ना, प्लीज.”

“अगं, यथाशक्ती—”

“तेच नको ना! जास्त दिले तर मितेश म्हणतो दिखावा करतेस, कमी दिले तर सासूबाई म्हणतात घराची लाज काढलीस. तुम्ही गोड हसता, आणि इथे आमची जुंपते.” बोलता बोलता तीच हसली, मग जरा थांबली. “माझ्या आईने पण तुम्हाला फोन केलेला, मागच्या श्रावणात. मोहन्याहून, माझ्या माहेराहून. पप्पा आजारातून उठलेले, तिला पूजा घालायची होती. तुम्ही यथाशक्ती म्हणालात, तिने फोन ठेवून दिला. म्हणाली, एवढी शिकलेली बाई, तिच्यासमोर आपली शक्ती काय उघडी करायची... मग यूट्यूब लावून केली पूजा. आरतीच्या मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात!”

बायजाबाई खो खो हसल्या. देवयानीबाईही हसल्या. तो फोन त्यांना आठवत नव्हता. आठवणार कसा? असे कितीतरी येत. यथाशक्ती म्हणायचं, पलीकडून 'बरं, कळवते' यायचं, मग कळवत कुणी नसे, आणि मी समजायचे, लोकांना देवाधर्माला वेळ उरला नाही. अरे देवा! दार सताड उघडं ठेवलंय म्हणून मिरवत होते मी, आणि ती बाई उंबऱ्यावरूनच परत गेली... माझ्या त्या लाडक्या शब्दाला बिचकून.

“सांगा ना काकू.”

“पंचवीसशे,” देवयानीबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि स्वतःच दचकल्या. आठवावं लागलं नाही, विचार करावा लागला नाही. आकडा जिभेवर तयार बसलेला. म्हणजे होता तर! घरी पाकीट उघडल्यावर कधी मन भरायचं, कधी 'असू दे' म्हणावं लागायचं, ते याच आकड्याशी ताडून. फक्त तो कुणाला सांगितलेला नव्हता — मलासुद्धा.

तिकडे तिघांचेही चेहरे मोकळे झाले. मितेशने पटकन मोबाइल काढला, बायजाबाईंनी ओटी भरली. “बाय, जेवल्याबिगर सोरनार नाय तुला,” म्हणत त्यांनी हाताला धरून पानावर बसवलं. पाकिटाची चिंता नसलेले यजमान इतक्या गप्पा मारतात हे देवयानीबाईंना आजच कळलं. त्या पोटभर जेवल्या, वर शिरा मागून घेतला.

परतीची बस रस्त्यात तुंबून उभी होती. 'काय ठरलं?' अद्वयचा मेसेज. त्यांनी फोन मांडीवर पालथा ठेवला. पंचवीसशे लिहायचं? मोहन्याच्या बाईंनी ते वाचलं असतं तर... झेपलं असतं त्यांना? मग कमी लिहायचं? पण आज तोंडून निघाला तो आकडा काही खोटा नव्हता. काहीच लिहिलं नाही तर त्या विचारणार नाहीत. लिहिलं तर कदाचित वाचून परत फिरतील, पण निदान आकड्यामुळे फिरतील, माझ्यामुळे नाही... की हीसुद्धा पळवाटच? कळत नव्हतं. पोट भरलेलं, वारा बरा लागत होता, आणि कळायची घाईही नव्हती.

आकडा मोठ्याने सांगितला की लाज वाटेल, असं इतकी वर्षं वाटत आलं होतं. देवयानीबाई तिची वाट बघत बसल्या. ती काही आली नाही. मोहन्याच्या त्या बाईंचा फोनवरचा आवाज तेवढा आठवून बघत होत्या... 'बरं, कळवते' म्हणाल्या असतील... पण कशा म्हणाल्या असतील, ते मात्र आठवेना.