आत्याच्या पायाचा दोष

डॉक्टर खरा डॉक्टर नव्हता, गाड्या दुरुस्त करायचा. पण इंजिनाचा आवाज ऐकायला गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचा, आणि गाडी फारच खराब असली तर आधी मालकाला खुर्ची द्यायचा, म्हणून गल्लीने त्याला ते नाव ठेवलं होतं. नावाचा तोटा एवढाच, की लोक त्याच्यावर विश्वास ठेवायचे. सगळ्यात जास्त ठेवायची त्याची आत्या.

आत्या निवृत्त मुख्याध्यापिका. चाळीस वर्षं तिने दुसऱ्यांच्या चुकांवर लाल पेन फिरवलं. स्वतःची चूक सापडण्याचा योग काही आला नव्हता. तो डॉक्टरने आणला.

तीन महिन्यांपूर्वी तिच्या गाडीत इंजिन बिघडल्याचा पिवळा दिवा लागला. डॉक्टरने स्कॅनर जोडला. स्कॅनर म्हणाला, इंजिनात हवा जास्त, पेट्रोल कमी. ही चुगली करतो ऑक्सिजन सेन्सर. धुराच्या पाइपात बसून, जळून आलेल्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते सांगायचं, एवढंच त्याचं आयुष्य. डॉक्टरने ठरवलं, सेन्सर खोटं बोलतोय. नवा बसवला. दिवा गेला आणि आठवड्याने परत आला. आणखी एक नवा बसवला. तोही तेच सांगू लागला. तीन साक्षीदार, एकमेकांना न भेटता, एकच साक्ष देत होते. शहाण्या माणसाने साक्ष ऐकली असती. डॉक्टरने आत्याकडे पाहिलं.

"आत्या, अ‍ॅक्सिलरेटरवर तुझा पाय जड आहे."

बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि काहीतरी बोलणं भाग होतं. नाचता येईना तर अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण सख्खं होतं, इतकंच.

आत्याने घरी जाऊन उजवा पाय स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला. मग डावा. संध्याकाळी फोन आला. "उजवा शंभर ग्रॅम जास्त भरतोय रे. तुझं बरोबर आहे."

डॉक्टर हसला होता. आत्या हसली नव्हती. सहासष्टाव्या वर्षी तिने पुन्हा ड्रायव्हिंग क्लास लावला आणि अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसली. मग बूट सोडून नुसत्या मोज्यांवर चालवू लागली. मग वीसच्या वर जाणं सोडलं. दर बुधवारी ती चाळीस किलोमीटरवरच्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला जायची. वीसच्या वेगाने पोचेपर्यंत मैत्रीण जेवून झोपलेली असायची, म्हणून तेही सुटलं. आणि गेल्या आठवड्यात ती म्हणाली, "गाडी विकून टाकते. माझ्यामुळे तिला त्रास कशाला?"

गिऱ्हाईक कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. तो चारला येणार होता. त्याआधी एकदा बघून ठेव, एवढंच तिने सांगितलं होतं.

त्या दिवशी गॅरेजात दुसरं कोणी नव्हतं. म्हणून डॉक्टरने जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं. इंजिन चालू ठेवून हवा आत जाते त्या तोंडाशी नळीने सिलिंडरचा जरासा गॅस, म्हणजे जास्तीचं इंधन, सोडला. स्कॅनरवर सेन्सरचा आकडा तळाला चिकटून बसला होता, तो टुणकन वर उडाला. गॅस बंद केला, आकडा खाली. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता. तिन्ही ठणठणीत होते. हवा खरंच कुठूनतरी जास्तीची आत येत होती.

त्याने स्टेथोस्कोपची चकती काढली आणि उघडी नळी इंजिनाभोवती फिरवली. मागच्या बाजूला, हात वाकडा केल्याशिवाय पोचत नाही अशा जागी, कोणीतरी दातांतून श्वास ओढावा तसा आवाज आला. आरसा घातला, टॉर्च मारला.

हवेच्या पाइपाला तिथे एक जादा तोटी असते, ती बुचाने बंद ठेवतात. त्या तोटीवर लाल पेनाचं टोपण होतं. उष्णतेने उभं तडकलेलं.

ते कोणी बसवलं, हा तपास फार लांबला नाही. दिवा लागायच्या आठ दिवस आधी त्यानेच गाडी साफ केली होती. तोटीवरचं रबरी बूच हातात तुटलं, आत्या शेजारी शब्दकोडं सोडवत बसली होती, तिच्या पेनाचं टोपण मापात बसलं. दोन मिनिटांसाठी.

नवं बूच, वर क्लिप, दिवा पुसला, आकडे जागेवर. चार मिनिटांचं काम. टोपण त्याने खिशात घातलं आणि विचार केला, की गाडी आता चांगली आहे. बेकरीवाला खूश होईल. कोणाला काही कळायचं कारण नाही. हा विचार इतका सोयीचा होता की त्याला स्वतःचीच किळस आली. पण विचार गेला नाही.

चारला बेकरीवाला भुवयांवर पीठ घेऊन आला. मागोमाग आत्या, हातात किल्ली आणि कागदपत्रं.

"डॉक्टर, मला त्यातलं काही कळत नाही," बेकरीवाला म्हणाला. "तुम्ही चांगली म्हणालात की चांगली."

"चांगली आहे."

"तो दिवा लागतो म्हणत होते?"

"तो माझ्या पायामुळे," आत्या म्हणाली. "तुमचा कसा आहे?"

बेकरीवाल्याने खाली पाहिलं. "दिवसभर उभा असतो, बाई. सुजतो."

"मग मोजे घालून चालवा. आणि तिला ओरडू नका."

डॉक्टरने टोपण काढून बॉनेटवर ठेवलं. "आत्या, दिवा ह्याने लागायचा. हे मी लावलं होतं, आणि विसरलो. तुझ्या पायाला काही झालेलं नाही. कधीच नव्हतं."

आत्याने चष्मा लावून टोपण पाहिलं. "माझंच आहे."

"हो."

"पण शंभर ग्रॅम..."

"सगळ्यांचाच एक पाय जरा जास्त भरतो, आत्या. मी खापर फोडायला कोणीतरी शोधत होतो. तू जवळ होतीस."

ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. बेकरीवाल्याने दोघांकडे पाहिलं, भुवया झटकल्या. "मी आपला टेम्पोच बघतो," म्हणाला आणि निघून गेला.

"बस," आत्या म्हणाली.

तो शेजारी बसला. तिने बूट काढले, मोज्याचा पाय अंड्यावर ठेवावा तसा ठेवला, आणि गाडी रस्त्याला लागली. पिवळा दिवा बंद होता. काटा अठरावर होता. एका बाईने बाबागाडी ढकलत त्यांना मागे टाकलं. मागून हॉर्न वाजू लागले. आत्याच्या मानेवर घाम आला, पण पाय हलला नाही.

"आत्या, जरा दाब."

"तिला त्रास होईल."

"नाही होणार."

"आधी होईल म्हणालास. आता नाही म्हणतोस." आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "किती दाबू? तू सांग तेवढंच दाबते."

आकडा त्याच्या जिभेवर आला होता. त्याने तो गिळला.

"मला विचारू नकोस, आत्या," तो म्हणाला. "इतकी वर्षं कोणाला विचारत होतीस?"

आत्याने आरशात मागची रांग पाहिली. मग गाडी कडेला घेतली, थांबवली, आणि खाली वाकून बूट चाचपू लागली.