आरशाला दिलेला धक्का

आमच्या धंद्यात पगार मिळतो तो वाट पाहण्याचा. पर्थच्या उत्तरेला, झुडपांच्या रानात दोन लांबलचक नळ्या काटकोनात पडल्या आहेत. त्यांच्या टोकांना आरसे टांगलेत आणि मधून प्रकाश ये-जा करतो. दूर कुठं दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळले की अवकाशाची पोकळीच हलते, झटकलेल्या चादरीसारखी. ती लाट इथं पोचली की एक नळी अणूच्या गाभ्याच्या रुंदीहूनही कमी अंतरानं लांबेल आणि दुसरी तितकीच आखडेल. असं गणित सांगतं. आम्हाला ते अजून दिसलेलं नाही. आम्ही तीस वर्षं ऐकले ते ट्रक, समुद्र आणि नळीला धडकणारे कांगारू.

नुसती वाट पाहून माणूस पेंगतो. म्हणून डेस ट्रेलोरनं, ज्यानं हे सगळं उभं केलं त्यानं, एक नियम घातला होता. अधूनमधून एकानं गुपचूप आरशाला हलकासा धक्का द्यायचा, हुबेहूब लाटेसारखा. बाकीच्यांना तो दिसतो का ते बघायचं. त्यांचा शोधनिबंध शेवटच्या ओळीपर्यंत लिहून होईतो तोंड उघडायचं नाही, घरच्यांपाशीही नाही.

त्या वर्षी धक्का मी दिला होता. माझ्या हाताखालच्या पोरांना तो दिसला. ती नाचली, रडली, निबंध लिहायला बसली. खोटा असू शकतो हे त्यांना ठाऊक होतं, पण आशा कुणाला सुटते? मी त्यांच्याबरोबर केक खाल्ला.

आणि इकडे डेस चालला होता. कर्करोग यकृतात पसरला होता. त्याची बायको मर्ले मला इस्पितळाच्या दारातच भेटली.

"तो रोज विचारतो, लाट खरी आहे का. निबंध व्हायला अजून पंधरा दिवस लागणार म्हणे. त्याच्याकडे पंधरा दिवस नाहीत गं, नॅरेल. खरी आहे म्हणून टाक ना. तुझं काय जातंय?"

"मला सांगता येत नाही, मर्ले."

"चाळीस वर्षं मी त्या नळ्यांबरोबर संसार केलाय," ती म्हणाली, "नवरा कधीमधी जेवायला यायचा इतकंच." मग चहा आणायला निघून गेली.

मी आत गेले. खरं सांगितलं तर तो निराश होऊन मरणार, खोटं सांगितलं तर माझ्याच धक्क्याला कवटाळून मरणार, आणि गप्प राहायचं तर तो माझा चेहरा गेली तीस वर्षं वाचत आलेला. मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं. विद्यार्थिनी असताना मी त्याला 'सर' म्हटलं होतं, तर म्हणाला, "सर माझा बाप. मी डेस."

"पोरं काय म्हणतात?" त्यानं विचारलं.

"हवेत आहेत."

"आणि तू?"

"दमलेय रे."

तो हसला, मग बराच वेळ खोकला. "त्या रानात तुझी अख्खी जवानी गेली. लाट आली, आणि तू दमलेय म्हणतेस?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. पण माझा चेहरा त्यानं वाचला होता.

"काही बोलू नकोस," तो म्हणाला. "नियम माझाच आहे. खरी लाट निघाली असेल तेव्हा पृथ्वीवर नुसतं शेवाळ होतं. ती काय माझ्या मरणासाठी घाई करणार आहे?" थोडा दम घेतला. "समज, कुणी आरसा ढकलला असेल. किती हलका ढकलला असेल?"

"ढकलता येईल तितका हलका."

"आणि तरी पोरांनी पकडला?"

"पकडला."

"कुणी कानात सांगितलं नाही?"

"कुणी नाही."

त्यानं डोळे मिटले. "मग यंत्र चांगलं आहे. खरी येईल तेव्हा निसटणार नाही." इतकं समाधान मी त्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, सुटले.

तेवढ्यात मर्ले चहाचे पेले घेऊन आली. आधी माझ्याकडे, मग त्याच्याकडे बघत राहिली.

"खरी आहे, मर्ले," डेस म्हणाला. "आली ती. तुझी चाळीस वर्षं फुकट नाही गेली."

जन्मभर आकड्याला आकडा जुळला नाही तर जेवण टाकून उठणारा माणूस, सरळ तोंडावर खोटं बोलला. मर्ले खुर्चीत बसली आणि रडायला लागली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"हो ना, नॅरेल?" तिनं विचारलं.

डेस माझ्याकडे बघत होता. मी 'हो' म्हणाले.

तो त्याच आठवड्यात गेला. अंत्यविधीला पोरांनी लाटेची आकृती छापलेले टीशर्ट घातले होते, आणि मर्ले येईल त्याला सांगत होती की डेसनं जाण्याआधी ती लाट पाहिली. आता निबंध पुरा झालाय. उद्या सगळ्यांसमोर उभं राहून मला सांगायचंय की ती लाट म्हणजे मी होते. पोरं समजून घेतील, त्यांना सवय आहे. पण त्याआधी, आज, मर्लेच्या दारावरची घंटा वाजवायची आहे. ते काम डेस माझ्यावर टाकून गेला.