तिसरी कोनशिला

"साहेब, आमच्या दवाखान्याची ही तिसरी कोनशिला. दवाखाना एकच हवाय, तो कधी बांधणार?"

प्रश्न खरा माझ्या वर्गमैत्रिणीचा, रांतीचा. मी तो विचारूच शकणार नाही, अशी वर्गातल्या पोरींनी पैज लावली होती. मी विचारला, तोही भर चौकात, कोमोरोसच्या संसदेत जायला निघालेल्या माणसाला. पोरी इतक्या फिदीफिदी हसल्या की जुन्या कोनशिलेवर ऊन खाणारी शेळीसुद्धा उठून गेली.

आमच्याकडे चौकात फक्त मोठं लग्न केलेल्या पुरुषांनी बोलायचं. अख्ख्या गावाला जेवू घाला, बायकोला सोन्यानं मढवा, मग तुमच्या शब्दाला वजन. माझे बाबा एक्कावन्न वर्षांचे, शाळेत भूगोल शिकवतात, पण चौकात कडेला उभे राहून आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांना चहा देतात. साधा निकाह केव्हाच झालाय, पण त्यांचं मोठं लग्न, आईशीच, येत्या ऑगस्टात ठरलंय. आईनं एकोणीस वर्षं वाट पाहिलीय.

उमेदवारानं हसत विचारलं, ही कोणाची मुलगी? बाबांनी किटली खाली ठेवली. चौकात ते बोलणार कसे?

संध्याकाळी म्मादीकाका चौकातल्या वडीलधाऱ्यांचा निरोप घेऊन आले. शुक्रवारी नमाजानंतर पोरीनं माफी मागावी, नाहीतर ऑगस्टात लग्नाला गावातलं कुत्रंही फिरकणार नाही. आणि हो, रविवारी घरातली तिन्ही मतं साहेबांनाच. मला यंदा अठरा पूर्ण झाली, हे त्यांना बरोबर ठाऊक होतं.

काका गेल्यावर आईनं भात आणि नारळाच्या दुधातली कसाव्याच्या पाल्याची भाजी वाढली. कोणी हात लावेना.

"सित्ती, दोन शब्द तर आहेत," बाबा म्हणाले. "म्हणून टाक."

"प्रश्न चुकीचा होता का, बाबा?"

"बरोबर होता. म्हणून तर माफी हवीय त्यांना."

आई भातात बोटं फिरवत राहिली. तिच्या ऑगस्टासाठी माझा जीव तुटत होता. पण माझा धाकटा भाऊ राजधानीच्या वाटेवर, टॅक्सीत जन्मला, तेव्हा तिचा हात धरायला शेजारगावच्या झालिहाता सुईणबाई होत्या. त्याच बाई यंदा साहेबांविरुद्ध उभ्या आहेत आणि चौकात त्यांना कोणी साधी खुर्ची दिली नाही.

मी ताट बाजूला सारलं.

"आई, बाबा, मी माफी मागणार नाही. उद्या सुईणबाईंकडे नाव देऊन येतेय. रविवारी मतदानाच्या खोलीत त्यांची प्रतिनिधी म्हणून मी बसणार."