पट्ट्यावरची चीर

रविवारच्या जेवणाला जावई गालावर कापसाचा बोळा चिकटवून आला, तेव्हा मेहुण्याने पहिल्या घासालाच विचारलं, "काय भाऊजी, मांजराने ओरबाडलं, की आमच्या ताईने?"

सगळे हसले. जावयाला ते झोंबलं. तो म्हणाला, "हल्ली मी वस्तऱ्याने दाढी करतो. ते प्लॅस्टिकचं खेळणं सोडून दिलं. लागतो कधी एखादा ओरखडा, पण हात चांगला बसलाय आता."

यातलं खरं एवढंच होतं की त्याने हौसेने एक जुना वस्तरा विकत घेतला होता. आदल्या दिवशी त्याने एक गाल कसाबसा केला, रक्त पाहून घाबरला, आणि दुसरा गाल त्याच प्लॅस्टिकच्या खेळण्याने उरकला. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम तो करत असे. जो हात काचेवर चालतो तो गालावरही चालेल, असं त्याला वाटलं होतं. पण काच दचकत नाही, गाल दचकतो.

समोर त्याचे सासरे बसले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. जन्मभर शिवणकाम केलेला माणूस. दुकान आता बंद होतं, पण त्याच्याच वरच्या खोलीत ते एकटे राहत. दाढी कायम स्वतःच्या हाताने आणि वस्तऱ्यानेच. त्या दिवशी मात्र त्यांच्या गालांवर पांढरे खुंट दिसत होते. म्हातारपणाचा कंटाळा म्हणून कुणी काही बोललं नाही. हसले नाहीत ते एकटे अण्णा. ते जावयाकडे नुसते बघत राहिले, आणि जावयाला वाटलं, सासऱ्यांवर छाप पडली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अण्णांचं बोलावणं आलं.

"दार लावून घ्या, जावईबापू," अण्णा म्हणाले. मग त्यांनी उजवा हात पुढे धरला. चालू मशिनवरचं कापड थरथरावं तसा तो थरथरत होता. "सुईत दोरा जाईना तेव्हा वाटलं, डोळे गेले. डोळे नव्हे, हात गेलाय. पोरीला यातलं काही सांगू नका. उगाच धावपळ करेल."

"न्हाव्याला बोलावू का?"

"तेच तर. तो बागेत रोज बाकावर माझ्या शेजारीच असतो. माझ्या हनुवटीला दुसऱ्याचा हात लागायचा नाही, हे त्याला मी इतकी वर्षं ऐकवत आलोय. आता त्याच्यापुढे कसा जाऊ? अशा अवतारात बागेतही जाववत नाही. चार दोस्त आहेत, तेही तुटले. काल तुमचं बोलणं ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. घरातलाच हात मिळाला."

खरं सांगायची हीच वेळ होती. जावयाने तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते असं, "करतो की. त्यात काय एवढं!"

अण्णा खिडकीसमोर खुर्चीत बसले. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल त्यांनी चेहऱ्यावर दाबून धरला, मग ब्रशने स्वतःच फेस केला. "फेसाला थरथरता हात बरा," ते हसून म्हणाले आणि मान मागे टाकून त्यांनी डोळे मिटले.

खिडकीच्या गजाला चामड्याचा पट्टा टांगलेला होता. वस्तरा वापरण्याआधी त्यावर फिरवायचा असतो, हे जावयाला ऐकून माहीत होतं. कसा फिरवायचा, ते माहीत नव्हतं. दगडावर सुरी घासतात तशी त्याने धार पुढे घातली आणि जोर लावला.

चर्र आवाज झाला. पट्ट्याला आडवी चीर पडली.

अण्णांनी डोळे उघडले. आधी पट्टा पाहिला, मग जावयाला.

"वस्तऱ्याची पाठ पुढे जाते, जावईबापू. धार मागून येते. पहिल्याच दिवशी शिकतात हे."

जावयाचे कान तापले. हातातला वस्तरा कुठे ठेवावा तेही त्याला सुचेना. "अण्णा, मी थाप मारली. एकच गाल केला होता मी. तोही..."

"कापूस लावलेला?"

"हो."

अण्णा रागावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी चेहऱ्यावरचा फेस टॉवेलने सावकाश पुसला. "पट्ट्याचं काही नाही. दुसरा मिळेल," ते म्हणाले. "पण मी डोळे मिटले होते हो."

जावई खाली मान घालून दाराकडे निघाला.

"कुठे चाललात? उद्या सकाळी तुमचा वस्तरा घेऊन या. माझ्यासमोर बसून तुमची स्वतःची दाढी करायची. तुमचा हात बसला की मग माझी."

"आणि तोवर तुमची?"

"वाढेल. तिला काय पाणी घालावं लागतं?"

दुसऱ्या सकाळपासून शिकवणी सुरू झाली. दुकानावर जाण्याआधी तो अण्णांच्या आरशासमोर बसे. अण्णा मागून बोलत. "पाठ गालापासून थोडीशीच उचला. जास्त उचललीत तर चिराल, टेकवलीत तर नुसती ओढाल. डाव्या हाताने कातडी ताणा, सुरकुतीवर वस्तरा नाही चालत. आडवा सरकवायचा नाही, कधीच नाही. दाबू नका! वजन त्याचं त्याला आहे." चुकलं की अण्णा फक्त "हं" म्हणत आणि तुरटीचा खडा पुढे करत. तुरटी झोंबायची, पण त्या "हं"इतकी नाही.

इकडे अण्णांची दाढी वाढत होती. नात म्हणाली, "आजोबा आता टोचत नाहीत, मऊ झालेत." जावयाची बायको म्हणाली, "अहो, अण्णांना हे काय सुचलंय? विचारलं तर म्हणतात, हौस. आणि बागेतही जात नाहीत. तुम्ही रोज जाता ना तिकडे, तुम्हाला काही बोलले का?"

"नाही," तो म्हणाला. हाताचं गुपित अण्णांचं होतं, ते फोडता येत नव्हतं. आणि ते न फोडता स्वतःची थाप कबूल करता येत नव्हती. बायकोने त्याच्या नीट झालेल्या गालावर बोट फिरवून "छान झालीय" म्हटलं, तेव्हा तर त्याला कुठे तोंड लपवू असं झालं. त्या पांढऱ्या दाढीचा एकेक केस आपल्या नावावर आहे, असं त्याला वाटे.

एका सकाळी अण्णा आपणहून खुर्चीत बसले. "आज माझी."

नवा पट्टा होता. जावयाने पाठ पुढे घालून वस्तरा फिरवला, परतवताना पाठीवरच उलटवला. अण्णा या वेळी डोळे उघडे ठेवून बसले होते, आणि ते बरोबरच होतं. कानाजवळून सुरुवात झाली. छोटे छोटे हात मारत एक गाल झाला, मग दुसरा. वरचा ओठही झाला. मग अण्णांनी मान वर केली. गळ्याची कातडी सैल होती, आणि तिच्याखाली शीर उडताना दिसत होती.

जावयाचा हात थांबला.

"काय झालं?"

"अण्णा, गळा आणि हनुवटी मला नाही जमणार. आज तरी नाही."

"इतके दिवस थांबलो की मी."

"माहीत आहे. तरी नाही जमणार." त्याचा आवाज पार खाली गेला होता. "हवं तर प्लॅस्टिकच्या रेझरने..."

"ते या घरात येणार नाही." अण्णांनी आरसा घेतला. गाल स्वच्छ, आणि खाली हनुवटीला लोंबणारी पांढरी दाढी. "बोकड दिसतोय," ते म्हणाले. मग उठून त्यांनी चपला घातल्या. "चला."

"कुठे?"

"बागेत."

"अण्णा, असे?"

"गळा जमत नाही हे तुम्ही मला तोंडावर सांगितलंत. आता मलाही कुणाला तरी काही सांगायचंय."

न्हावी बाकावरच होता. त्याने अण्णांना लांबूनच पाहिलं आणि जवळ येईपर्यंत हसू दाबून धरलं. "अरे शिंप्या, हा कुणाचा हात?"

"माझा," जावई म्हणाला. "मी अजून शिकतोय."

"आणि तुझा हात कुठे गेला रे?" न्हाव्याने अण्णांना विचारलं.

अण्णांनी खिशातून हात काढून त्याच्यापुढे धरला. न्हावी तो थरथरता हात पाहत राहिला. मग बाजूला सरकून त्याने बाकावर जागा केली.

"उरलेली कधी करणार?" त्याने विचारलं.

"उद्या," अण्णा म्हणाले.

"म्हणजे झालंच! शिंप्याचं उद्या!"

दोघे म्हातारे खोकला येईपर्यंत हसले. जावई उभाच होता. न्हाव्याने त्याला जवळ ओढलं, त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि जबड्याखाली बोट टेकवलं. "इथले राहिलेत बघा केस."

"माहीत आहे," जावई म्हणाला, आणि लाज वाटत असूनही मान तशीच वर धरून उभा राहिला.