मंजुषाने थांबवलेली गोळी

मी एक जुना वजनकाटा आहे. धानोऱ्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात दाराजवळ असतो. मित्रांनो, माझ्यावर कुणी पाऊल ठेवले की माझी सुई थरथरते. ती ठरेपर्यंत माझ्या जिवाला चैन नसते.

कारखान्यातून आलो तेव्हा मी निळाशार होतो. मोटारसायकलला बांधून मला गावोगावच्या शिबिरांना नेत. आता रंग उडून पत्रा दिसतो.

गावातली मंजुषा सासूबरोबर आली तेव्हा तिचे दोन गर्भ तिसऱ्याच महिन्यात पडले होते. ती सतत थकलेली असे. कार्डावरच्या जुन्या नोंदीपेक्षा मी तिचे वजन पाच किलोंनी वाढलेले दाखवले.

"काटाच खराब असंल बाई," सासू भागीरथाबाई म्हणाल्या. "पोरगी तं जेवतच नाई."

मला फार लागले. पण सोनीबाई सिस्टरांनी मंजुषाचा गळा चाचपला आणि रक्त तपासायला लावले. थायरॉइडचा आजार निघाला. गळ्यातली ही ग्रंथी शरीराला लागणारा रस बनवते. मंजुषाचे शरीर आपल्याच ग्रंथीला शत्रू समजून पोखरत होते. असा रस कमी पडला की गर्भ राहणे अवघड होते, राहिला तरी पडू शकतो. तिला रोज उपाशीपोटी घ्यायची गोळी मिळाली. आठ महिन्यांनी तिला दिवस गेले.

गरोदरपणाच्या नोंदणीच्या दिवशी माझी सुई ठरेचना. मंजुषाच कापत होती.

"गोळी घेऊन राह्यली ना?" सिस्टरांनी विचारले.

"बंद केली जी. पंधरा दिवस झाले. औषधानं लेकराले काई झालं तं?"

"अवं, त्याची ग्रंथी अजून तयार नाई झाली. ते तुह्याच रसावर वाढून राह्यलं!"

"मंग हेबी जाईल का?"

"सांगता येत नाई. पण आत्ताच सुरू करू."

सिस्टरांनी लगेच डॉक्टरांना फोन लावला. गोळी सुरू झाली, मात्रा वाढली, दर महिन्याला रक्त तपासायचे ठरले. तिला यायला एक दिवस उशीर झाला, तरी मी दारातल्या प्रत्येक चपलेकडे पाहत बसे. तिसरा महिना सरला. मग सहावा. दिवस भरल्यावर गडचिरोलीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली.

आता आकडे दाखवणारा नवा काटा आला आहे आणि मी कोपऱ्यात धूळ खातो. परवा भागीरथाबाई शेजारच्या सुनेचा हात धरून आल्या. "सिस्टर, लोक इले वांझ म्हंतेत," त्या म्हणाल्या. "तुमी आंदी इचं रक्त पाहा."

मित्रांनो, घरातली बाई सारखी थकत असेल तर तिला आळशी म्हणू नका, तपासायला न्या. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिची गोळी कधी थांबू देऊ नका.