दोर तुटला नव्हता

मी एक जुना नांगर आहे. नांगर म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढे शेत आणि बैलजोडी आली असेल, तर माझ्यावरचा पहिला अन्याय तिथेच सुरू झाला. मित्रांनो, मी पाण्यातला नांगर आहे. शेतातला नांगर चालत राहतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. माझं काम एका जागी गच्च बसून राहण्याचं, आणि बसून राहणाऱ्याला विचारतो कोण? आज मी जे सांगणार आहे ते फारसं गोड नाही. मला राग आलेला आहे आणि तो मी गिळणार नाही.

माझा जन्म नदीकाठच्या एका लोहाराच्या शेडमध्ये झाला. त्याने तीन दिवस मला भट्टीत घातलं, बाहेर काढलं, बडवलं. दांडा ओढला, दोन पंजे वळवले, वर साखळीसाठी कडं बसवलं. शेवटी मला जमिनीत रोवून त्याने अंगाचा सगळा भार टाकून ओढून पाहिलं आणि म्हणाला, "दिसायला काळा दगड आहे, पण धरेल." तेवढीच एक शाबासकी घेऊन मी जगात आलो.

बावीस वर्षं मी वाळू वाहणाऱ्या एका नावेवर काढली. तिच्या मालकाला सगळे वाळूवाले काका म्हणत. काका दर महिन्याला मला वर ओढायचे, चिखल धुवायचे, साखळीची एकेक कडी बोटाने चाचपायचे आणि ग्रीस लावायचे. दुपारी भर प्रवाहात मला खाली सोडून म्हणायचे, "धर रे बाबा, दोन घास खाऊन घेतो." मग माझ्या भरवशावर डोळे मिटून पडायचे. बावीस वर्षांत मी एकदाही सुटलो नाही. काकांचे गुडघे गेले, नाव मोडीत निघाली आणि मी एका पांढऱ्या शिडाच्या होडीवर आलो.

ती होडी एका जोडप्याने घेतली. नवऱ्याने तीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवली होती, म्हणून धक्क्यावर सगळे त्याला मास्तर म्हणत. बायको मोठ्या इस्पितळात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती, म्हणून ती सिस्टर. एकाच घरात मास्तर आणि सिस्टर, यावरून धक्क्यावरचे लोक हसायचे आणि ती दोघंही हसायची. होडी घेतल्यावर तीन वर्षांनी दोघं निवृत्त झाली. उन्हाळ्यात नदीने थेट समुद्रापर्यंत जायचं, हा त्यांचा कितीतरी वर्षांचा बेत होता. माणसं वाईट नव्हती, हे मी आधीच सांगून टाकतो.

पण मास्तरला माझी लाज वाटायची. होडी घेतल्या घेतल्या त्याने माझं नाव ठेवलं गंज्या. मग तो दुकानात गेला आणि चकचकीत स्टीलचा नवा नांगर घेऊन आला. त्याला होडीच्या पुढच्या टोकावर नवरदेवासारखा मिरवत ठेवला. मला टाकलं पुढच्या कप्प्यात, रंगाचे डबे, जुनी छत्री आणि बुरशी आलेल्या पोत्याखाली. तीन वर्षं मला कोणी हात लावला नाही. तीन वर्षं! अंगावर रंग सांडला, तोही कोणी पुसला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मास्तर म्हणाला, "हे धूड काढून टाकू. उगाच ओझं."

सिस्टर म्हणाली, "असू द्या. पाण्यावर एकाला दोन असावेत." तिने स्वतः माझी साखळी तपासली आणि तिला जोडलेल्या दोराचं दुसरं टोक डोलकाठीच्या बुडाला पक्कं बांधलं. तेवढ्यावर मी तिचा झालो.

नव्या नांगराचं मात्र वेगळंच चाललं होतं. मास्तरने त्याचा पांढराशुभ्र दोर सोडून साबणाने धुतला, वाळवला आणि फोटोसाठी त्याची देखणी गोल वेटोळी घालून ठेवली. मित्रांनो, नांगराच्या दोराला दोन टोकं असतात. एक नांगराला बांधायचं, दुसरं होडीला. इतकी साधी गोष्ट आहे.

निघायच्या सकाळी सिस्टरने विचारलं, "अहो, दोराचं मागचं टोक होडीच्या कड्याला बांधलंत ना?"

"अगं, तीस वर्षं मी लोकांना ब्रेक कुठे असतो ते शिकवलं. मला विचारतेस?"

"बांधलंत की नाही, एवढंच सांगा."

"तुझा माझ्यावर विश्वासच नाही," मास्तर म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

सिस्टर उठून वेटोळ्यापर्यंत गेली होती. हात पुढे केला आणि मागे घेतला. इतक्या वर्षांनी सुट्टी मिळाली होती, पहिल्याच सकाळी रुसवाफुगवा नको, असं तिच्या मनात आलं असावं. मी कप्प्याच्या फटीतून सगळं पाहत होतो. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो. प्रश्न होता बांधलं का, आणि उत्तर आलं विश्वास नाही का. हे कसलं उत्तर?

पहिले तीन दिवस छान गेले. शिडात वारा भरला की होडी एका अंगावर कलून पळायची. सिस्टर सुकाणू धरायची, मास्तर दुर्बीण लावून बसायचा. नदी मोठी होती आणि तिच्यावर रहदारीही मोठी होती. कोळशाचे लांबलचक तराफे, तेलाच्या टाक्यांसारखी जहाजं, डोंगराएवढे डबे रचलेली जहाजं. त्यांच्यासाठी मधोमध खोल वाट आखलेली असते. एका बाजूला तरंगते लाल बोये, दुसऱ्या बाजूला हिरवे. लहान होड्यांनी त्या वाटेच्या बाहेर राहायचं. मोठं जहाज मनात आलं तरी चटकन थांबू शकत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी नदीने मोठं वळण घेतलं. एका बाजूला कारखान्याचा उंच धक्का, दुसऱ्या बाजूला उंच दरड. वारा एकदम पडला. शीड ओल्या पंच्यासारखं लोंबायला लागलं. मास्तरने इंजिन सुरू केलं. ते दोन मिनिटं चाललं, मग घुसमटल्यासारखा आवाज करून बंद पडलं. पाण्यातलं कुणीतरी फेकलेलं प्लास्टिकचं पोतं इंजिनाच्या पंख्यात गुंडाळलं गेलं होतं. आणखी एक संताप! नदी म्हणजे काय कचऱ्याचा डबा आहे?

प्रवाह आम्हाला हळूहळू लाल बोयांच्या आत, जहाजांच्या वाटेवर ओढू लागला. आणि वळणामागून भोंगा वाजला. एक, दोन, तीन, चार, पाच, तुटक तुटक. नदीच्या भाषेत त्याचा अर्थ, काय चाललंय तुमचं, बाजूला व्हा!

लोखंडाची एक भिंत वळणावरून आमच्याकडे येत होती.

"नांगर!" सिस्टर ओरडली.

मास्तर पुढे धावला. त्याने नवा नांगर डोक्यावर उचलला आणि पाण्यात फेकला. चांगला लांब फेकला, हे मी नाकारत नाही. पांढरा दोर एकेक वेटोळं उलगडत सरसर निघाला. शेवटचं वेटोळं उठलं, दोराचं मोकळं टोक होडीच्या काठावरून सापाच्या शेपटीसारखं सळसळलं आणि पाण्यात गेलं. पाण्यावर एक छोटं वर्तुळ उमटलं. बस.

मास्तर रिकाम्या हातांकडे पाहत उभा राहिला. 

सिस्टर "बाजूला व्हा," एवढंच म्हणाली. तिने कप्पा उघडला, डबे उधळून दिले आणि मला कडं धरून बाहेर खेचलं. माझं वजन तिच्या निम्म्याएवढं होतं. तिची कोपरं सोलवटली. मला काठावरून खाली सोडताना ती पुटपुटली, "आता तूच."

मी तळाला पोहोचलो. खाली गोटे होते. पहिल्यांदा मी घसरलो. दोन हात, चार हात. वर होडी ओढत होती, अंगावर तीन वर्षांचा गंज होता, आणि मला वाटलं, आता माझीही लाज जाणार. मग गोट्यांखाली एक बुडालेलं लाकूड लागलं. त्याच्याखाली मी पंजा घातला आणि लोहाराने शिकवलं होतं तेवढंच केलं. धरलं.

होडी गर्रकन वळली आणि लाल बोयाला अंग घासून वाटेच्या अगदी कडेला थांबली. वरचं काही मला ताणलेल्या दोरातून कळत होतं, बाकीचं मी दोघांच्या बोलण्यातून मागाहून जुळवलं. जहाज शेजारून गेलं. मागच्या कठड्याशी ॲप्रन घातलेला एक आचारी हातात पातेलं घेऊन उभा होता. त्याने खाली पाहिलं आणि पातेलं छातीशी घट्ट धरलं. जहाजाच्या लाटांनी होडी तीनदा उभी राहिली, तीनदा आपटली. मी सोडलं नाही.

मित्रांनो, इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. टाळ्या, कौतुक, अंगाला थोडं तेल. पण पुढे काय झालं ते ऐका.

पाच मिनिटांत नदीवर गस्त घालणारी लाँच आली. तिच्यावरच्या अधिकाऱ्याने विचारलं, "काय झालं?"

मास्तर म्हणाला, "नवा नांगर टाकला, साहेब. दोर तुटला. दुकानदाराने कुजका दोर दिला."

खोटं! धडधडीत खोटं! त्या बिचाऱ्या दोराचं काही चुकलं नव्हतं, दुकानदाराचंही नाही. सिस्टरने मास्तरकडे फक्त पाहिलं.

अधिकारी म्हणाला, "ते नंतर लिहून घेऊ. मागून तराफे येतायत. ही जागा लगेच मोकळी करा." त्यांनी मला ओढून पाहिलं. पण मी लाकडाखाली असा अडकलो होतो की लाँचच्या इंजिनालाही दाद देईना.

"कापा दोर," मास्तर म्हणाला. "जुनं लोखंड तर आहे."

जुनं लोखंड! दोघांचे जीव अजून माझ्या पंजात होते आणि हा माणूस मला जुनं लोखंड म्हणत होता.

तराफ्यांचा भोंगा ऐकू आला, तेव्हा सिस्टरने स्वतःच सुरी मागितली. पण कापण्याआधी तिने माझ्या दोराला एक रिकामा प्लास्टिकचा डबा घट्ट बांधला, जागा सापडावी म्हणून. मग दोर कापला. लाँचने होडी ओढून नेली आणि मी तळाशी एकटा राहिलो. दोन दिवस माझ्या डोक्यावरून जहाजं जात होती. त्या दोन दिवसांत मी मनातल्या मनात मास्तरला जे बोललो, ते लहान मुलांसमोर सांगण्यासारखं नाही.

गस्तीच्या चौकीत काय घडलं तेही मला मागाहून समजलं, कारण ती दोघं ते माझ्यासमोरच बोलली. मास्तरने जबाब लिहिला होता: दोर तुटला. अधिकाऱ्याने साक्षीदार म्हणून सिस्टरपुढे कागद सरकवला. तिने पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"अगं, दोन ओळी आहेत. कुणाचं काय जातंय?" मास्तर हळूच म्हणाला.

"त्या दुकानदाराचं जातंय. माझ्या ऑपरेशनच्या खोलीत कापसाचा बोळा रुग्णाच्या पोटात राहिला असता, तर आम्ही 'बोळा फुटला' असं लिहिलं नसतं. मोजायचं राहिलं, असं लिहिलं असतं. पोट शिवायच्या आधी मी प्रत्येक वेळी मोजायचे. मोठमोठे डॉक्टर चिडायचे, तरी मोजायचे. आणि त्या दिवशी तुम्ही चिडलात म्हणून मी दोराला हात लावला नाही. ती माझी चूक. मी ती लिहून देते. तुमची तुम्ही लिहा."

 मास्तर म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवणारा माणूस. स्वतःची लिहायची सवय कुठली असायला? शेवटी त्याने तो कागद फाडला, दुसरा मागितला आणि लिहिलं: दोर तुटला नव्हता. मी तो बांधलाच नव्हता. बायकोने विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही.

अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं. म्हणे, एवढ्या वर्षांत असा जबाब त्याने पाहिला नव्हता. बोये दुरुस्त करणारी क्रेनची बोट दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर जाणार होती. त्याने दोघांना तिच्यावर पाठवलं.

डबा तिथेच तरंगत होता. क्रेनने मला लाकडासकट वर काढलं. माझा एक पंजा वाकला होता. क्रेनवाला हसून म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याने धरली होय तुमची होडी?"  मास्तर खाली बसला आणि ब्रश घेऊन माझा चिखल काढू लागला.  बोटीच्या काठावरून सिस्टर म्हणाली, "कडीच्या आतूनही घासा." त्याने आतूनही घासलं.

ती दोघं समुद्रापर्यंत गेली. आता मी होडीच्या पुढच्या टोकावर असतो, वाकडा पंजा घेऊन. माझी माफी कोणी मागितलेली नाही. आणि खरं सांगतो, माझा राग अजून पुरता गेलेला नाही. ग्रीस लावलं की थोडा कमी होतो, इतकंच.

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. घरातली जी जुनी वस्तू मुकाट्याने तुमचा भार सांभाळते, तिला अडगळीत टाकण्याआधी एकदा नीट बघा. आपल्या हातून चूक झाली, तर ती दोरावर आणि दुकानदारावर ढकलू नका. आणि कोणी आपल्या माणसाने विचारलं, "बांधलंय ना?" तर रुसू नका, तीस वर्षांचा अनुभव सांगू नका. उठा, चार पावलं चाला आणि गाठीला हात लावून या.