मुहिंबीची रोपं

काबासिंगुझीने आणखी एक रोप मुळासकट उपटलं आणि ओढ्याच्या दिशेने भिरकावलं.

"वहिनी, थांबा!" अरालि सायकल तशीच टाकून धावत आला. हा तिचा धाकटा दीर. तोडलेलं जंगल पुन्हा उभं करणाऱ्या संस्थेत तो कामाला होता, आणि काठावरची ही रोपं त्यानेच लावली होती.

"तुझ्या चिंपांझींना झोपायला माझी जमीन?"

"मुहिंबी आहे ही. फांदी चिवट, म्हणून घरटं बांधायला त्यांना हीच आवडते. इथली मुहिंबीची झाडं तुटली, तेव्हाच ते तुमच्या फणसावर झोपायला लागले. ही मोठी झाली की घराकडे फिरकणार नाहीत."

"कधी होतील मोठी?"

अरालिने उपटलेल्या रोपाच्या मुळांवर ओली माती थापली. "आपण म्हातारे होईपर्यंत."

ती कोरडं हसली. गेल्या पेरणीला ती घेवड्यात खुरपत होती आणि तीन वर्षांची केमिगिसा बांधावर कणीस खात बसली होती. उसातून एक नर चिंपांझी आला आणि पोरीला उचलून झुडपात शिरला. माणसं ओरडत मागे धावली, पण उशीर झाला होता. नवरा आधीच वारलेला. उरलेल्या मुलाला तिने माहेरी धाडलं.

"मला काहीच वाटत नाही का, वहिनी? मीच उचलून आणली तिला."

"आणलीस. आणि सोमवारी कामावर गेलास."

अरालिने मान खाली घातली. मग तिने हातांची माती लुगड्याला पुसली.

"किती जागा हवी तुला?"

"काठाची पट्टी फक्त."

"सगळी घे. अंगणापर्यंत लाव."

"सगळी?" त्याचा चेहरा उजळला. "एवढी सलग जागा आजवर कुणी दिली नाही! साहेबांना सांगितलं तर..."

बोलता बोलता त्याने घराकडे पाहिलं. चुलीचा धूर नव्हता. ओट्यावर भांडी आणि चटई एका गाठोड्यात बांधून ठेवली होती.

"वहिनी... कुठे निघालात?"

"रोपं सुकतायत तुझी," ती म्हणाली.

गाठोडं डोक्यावर घेऊन ती रस्त्याला लागली. तो मागून येईल असं तिला क्षणभर वाटलं. वळणापाशी तिची चाल जरा मंदावलीही.

ओढ्याकडून कुदळीचा आवाज येऊ लागला होता.